तिसरा ठिपका

निवृत्त झाल्यावर साताऱ्यातल्या घराला नवी पाटी करायला टाकली. पाटीवाल्यानं विचारलं, "नावाखाली काय टाकू?" माझ्या एका शेजारी माजी सुभेदार राहतात, दुसरीकडं वकीलसाहेब. त्या दोन्ही पाट्या त्यानंच रंगवलेल्या. मी म्हणालो, "चुंबकीय अनुस्पंदन यंत्रचालक, निवृत्त." त्यानं ब्रशच्या दांड्यानं पाटी मोजली. मग म्हणाला, "चाचा, एवढं मावायचं नाही. आणि मावलं तरी पोस्टमन दारात यायला घाबरंल." शेवटी 'इकबाल शिकलगार' एवढंच लिहिलं. आमची नसीम म्हणाली, "बरं झालं. तुम्ही काय करत होता ते मलाबी कधी नीट कळलं नाही."

मला पूर्ण कळलं होतं असं मीही छातीठोकपणे सांगत नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर एकच अट घातली, "सोपं लिहा." अहो बाई, सोपं असतं तर मी निम्मी नोकरी डोकं खाजवण्यात घालवली असती का? पण आता बसलोच आहे लिहायला, तर सांगतो.

साताऱ्याबाहेर हायवेच्या अंगाला आमची संस्था. तिच्या तळमजल्यावर एक भलंमोठं चुंबक उभं होतं. बाहेरून बघाल तर पाण्याची स्टीलची टाकी. आत तारेचं गुंडाळं, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं. हेलियम इतकं थंड की तारेत एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षं आपली आपण फिरत राहते. या चुंबकाला बंद करायचं बटण नसतं. रविवार असो, ईद असो, दिवाळी असो, ते चालूच. हेलियम वेळेवर भरत राहायचं, एवढीच त्याची भूक.

चुंबकाभोवती जमिनीवर पिवळी पट्टी मारलेली होती. तिच्या आत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्या, घड्याळ, पाकीट, सगळं दाराबाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं. पाहुणे आले की मी एक खेळ करायचो. स्टोअररूमची जुनी लोखंडी किल्ली सुतळीला बांधून पट्टीपाशी उभा राहायचो. किल्ली खाली लोंबायचीच नाही. चुंबकाकडं तोंड करून हवेत तिरकी उभी राहायची. कलेक्टर असो की कॉलेजची पोरं, सगळ्यांचे डोळे सारखेच मोठे व्हायचे. मला तेवढंच समाधान.

या किल्लीची कीर्ती पार माण तालुक्यापर्यंत गेली असणार. एके दिवशी गेटवर एक धनगर आजोबा आले. मुंडासं, घोंगडं, खांद्यावर कुऱ्हाड. वॉचमननं मला बोलावलं.

"आवं सायेब, तुमच्याकडं लय मोटं चुंबक हाय म्हनं. तेवढा गुडघा बघा की माजा."

मी म्हणालो, "आजोबा, ते दवाखान्यातलं मशीन वेगळं. हे माणसांसाठी नाही. आणि आधी ती कुऱ्हाड लांब ठेवा, नाहीतर ती आणि तुम्ही दोघंही चिकटून बसाल."

"मान्सासाटी न्हाई, तर मग कुनासाटी?"

"जंतूंसाठी."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझीच कीव आली. मग दगडावर बसून त्यांनी गाऱ्हाणं सांगितलं. गुडघा थंडीत ठणकतो, उन्हाळ्यात मोकळा असतो. दहिवडीच्या डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला काही नाही. "आन फोटू काडला कवा? मे म्हैन्यात! मे म्हैन्यात म्या पळतोय की गड्या." त्यांना चहा पाजला, साताऱ्यातल्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला आणि बोळवण केली. तेव्हा नुसता हसलो होतो.

आता जंतूंचं. जंतू म्हणजे एक पेशी, आणि तिला भोवती कातडी. ही कातडी चरबीची असते, तुपाच्या पातळ थरासारखी. तिच्यात प्रथिनं रुतलेली असतात. कुणी दार आहे, कुणी खिडकी आहे, कुणी पंप आहे. आमच्याकडं ज्या पंपावर काम चालायचं तो औषध बाहेर फेकणारा पंप. आपण गोळी घ्यायची, ती जंतूच्या पोटात शिरणार, आणि हा पठ्ठ्या ती उचलून बाहेर टाकणार. त्याचा आकार कळला, तर त्याला अडवायचं कसं ते कळेल, हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

बरेच लोक काय करतात, साबणासारख्या रसायनानं कातडी विरघळवून प्रथिन सुटं काढतात आणि मग बघतात. ते सोपं पडतं. पण कवठे महांकाळच्या आठवडी बाजारात माझे अब्बा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे, तेव्हा त्यांचं तोंड चाकाबरोबर अखंड चालायचं. तेच अब्बा साताऱ्यात माझ्याकडं आले, की खुर्चीच्या टोकावर बसून राहायचे, विचारलं तर हूं करायचे. ज्यानं त्यांना फक्त साताऱ्यात बघितलं, त्याला वाटलं असतं माणूस मुका आहे. म्हणून आमच्याकडं प्रथिन त्याच्या घरातच बघायचं, कातडीसकट.

जंतूंना जड नायट्रोजन घातलेलं खाणं द्यायचं, म्हणजे त्यांच्या प्रथिनातही तो येतो, आणि मशीनला तोच ऐकू येतो. मग जंतू फोडून नुसती कातडी गोळा करायची आणि ती एका बारक्या नळीत ठासायची. तिला रोटर म्हणतात, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी असते. ती चुंबकात तिरकी धरून वाऱ्याच्या झोतानं गरगर फिरवायची. इतकी जोरात, की ती शिट्टी मारते. शिट्टीच्या सुरावरून मला कळायचं, नळी नीट भरलीय की नाही. त्याच वेळी रेडिओच्या लहरी सोडायच्या आणि अणू काय उत्तर देतात ते ऐकायचं. ते उत्तर इतकं क्षीण असतं, की दिवसेंदिवस ऐकत बसावं लागतं. शेवटी स्क्रीनवर उमटतात ठिपके. रांगोळीचे असतात तसे, पण ओळीत नसलेले. एक ठिपका म्हणजे प्रथिनातली एक जागा. ठिपका सरकला, की समजायचं तिथं काहीतरी बदललं.

बस, एवढीच माझी विद्या. प्रथिन मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, कुणीच पाहत नाही. आयुष्यभर ठिपके पाहिले.

वैशाली ढेबे ही सांगलीहून यायची. मूळची महाबळेश्वरच्या पलीकडच्या एका गावची, सांगलीतल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि तिथल्याच माने सरांकडं पीएचडी करायची. जंतू सांगलीत वाढवायचे, कातडी तिथं काढायची, आणि बर्फात ठेवलेल्या थर्मासमधून एसटीनं साताऱ्याला आणायची. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "दूध हाय का गं?" ही म्हणाली, "नाही मावशी, जंतूंची कातडी." तिथून साताऱ्यापर्यंत बाकावर एकटी ऐसपैस बसून आली. मला चाचा म्हणायची. कामात चोख, पण तोंड जरा फटकळ. माझंही फटकळच, म्हणून जमलं.

जानेवारीत तिनं आणलेल्या नमुन्याचे ठिपके झकास आले. एप्रिलमध्ये तीच कृती, तेच जंतू, तोच पंप, खात्रीसाठी म्हणून पुन्हा केलं. ठिपके आले, तेही झकास. फक्त पंपाच्या तोंडाशी असलेला एक ठिपका, ज्याच्यावर तिचा सगळा प्रबंध उभा होता, तो जागेवर नव्हता. भलतीकडं सरकून बसला होता.

माने सर फोनवर हळूच म्हणाले, "शिकलगार, चुंबक जरा तपासून घेता का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या चुंबकावर संशय! मी ठरलेला प्रमाण-नमुना लावला. काट्यावर काटा. मग रागारागानं तिचे दोन्ही जुने रोटर पुन्हा लावले. जानेवारीचा ठिपका जानेवारीच्या जागी, एप्रिलचा एप्रिलच्या जागी. दोन्ही नळ्या मशीनमध्ये एकाच तापमानाला ठेवलेल्या. म्हणजे मशीन खरं, दोन्ही नमुने खरे, आणि पंप एकच. आता बोला.

रात्री जेवताना नसीमनं विचारलं भाजीत मीठ आहे का, मी म्हणालो दोन्हीकडं आहे. तिनं कपाळावर हात मारला.

त्यातच संस्थेचा निर्णय आला. हेलियम परदेशातून येतं, ते मिळणं अवघड होत चाललेलं, आणि चुंबक म्हातारं. गणपतीच्या आत ते उतरवायचं ठरलं. उतरवायचं म्हणजे इंजिनिअर येऊन तारेतली वीज हळूहळू काढून घेणार. एकदा उतरवलं, की पुन्हा चढवायचं नाही. इकडं वैशालीला कॉलेजनं सांगून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी पीएचडी नसलेल्यांना तास मिळणार नाहीत. ठिपका खरा कुठं आहे ते ठरल्याशिवाय प्रबंध जाणार नाही, आणि ते ठरवायला दुसरं चुंबक हाताशी नाही.

मे महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. आवाज चिरका झालेला.

"चाचा, बाटली कोमट आहे."

"कसली बाटली?"

"जंतूंची! शेकरवर पंचवीस लावलंय आणि बाटली हाताला कोमट लागतीय. चहा निवल्यावर लागतो तशी."

शेकर म्हणजे जंतूंच्या बाटल्या हलवत ठेवणारी पेटी. सांगलीतला तो शेकर जुना. त्याच्यावर दिसणारा आकडा आपण मागितलेला, मिळालेला नव्हे. आणि त्याला फक्त गरम करता येत होतं, थंड करता येत नव्हतं. जानेवारीत खोली गार, त्यामुळं पंचवीस मागितलं की पंचवीस मिळायचं. एप्रिलात सांगलीची ती पत्र्याखालची खोली म्हणजे भट्टी. पेटी बिचारी हीटर बंद करून गप्प बसायची, आणि जंतू चाळिशीच्या आसपास शिजत वाढायचे. आकडा मात्र पंचवीस. इतकी वर्षं सगळे त्या आकड्याकडं बघून समाधानानं चहाला जात होते.

माने सरांचा जीव भांड्यात पडला. ते स्वतः साताऱ्याला आले. कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. सर म्हणाले, "चला, सुटलं कोडं. एप्रिलचा नमुना बिघडलेला. तो काढून टाक, जानेवारीचा ठेव, पावसाळ्यात प्रबंध दे."

वैशाली वड्याचे तुकडे करत होती, खात नव्हती. म्हणाली, "सर, बिघडला म्हणजे काय झालं?"

"गरम झाला ना."

"जंतू मेले नाहीत. वाढले. औषध घातलेल्या ताटलीत टाकले, तरी जगले. म्हणजे पंप चालत होता. मग बिघडलं काय?"

मग तिनं मला समजावलं ते असं. जंतू हवेप्रमाणं आपल्या कातडीतली चरबी बदलतो. थंडीत वाढला, तर पातळ तेलासारखी चरबी जास्त घालतो, म्हणजे कातडी थिजत नाही. उन्हात वाढला, तर घट्ट तुपासारखी घालतो, म्हणजे कातडी वितळत नाही. कातडी बदलली, की तिच्यात रुतलेल्या पंपाची बसायची तऱ्हाही बदलत असेल. तो कदाचित दोन तऱ्हांमध्ये सारखा हेलकावे घेत असेल, थंडीत एकीकडं जास्त, उन्हात दुसरीकडं जास्त. तसं असेल, तर ठिपका दोन टोकांच्या मधल्या सरळ रेघेवर पुढं-मागं सरकताना दिसेल.

"मग दिसलाच की सरकलेला," मी म्हणालो.

"चाचा, दोन ठिपक्यांतून रेघ कुणीही मारतं. तिसरा पाहिजे. आणखी थंडीत वाढवलेला. तो त्याच रेघेवर, जानेवारीच्या पलीकडं पडला, तर मी म्हणते ते खरं."

"आणि नाही पडला तर?" सरांनी विचारलं.

तिनं वड्याचा आणखी एक तुकडा केला. सरच म्हणाले, "नाही पडला तर तुझ्या हातात तीन नमुने आणि तीन तोंडं. प्रबंध अडकला, वेळ गेला, चुंबक गेलं. हातातलं जानेवारीचं पण कुणी धरणार नाही." मग माझ्याकडं वळून, "शिकलगार, तुम्ही सांगा तिला."

काय सांगणार मी? सरांचं बोलणं ऐकलं की सर बरोबर वाटायचे. ती बोलली की ती बरोबर वाटायची. घरी जाताना स्कूटरवर मी एकटाच बडबडत होतो, सिग्नलला पोरं बघून हसली. आणि खरं सांगू, तिच्या बोलण्यानं मी वेगळ्याच घोळात पडलो होतो. मी घरात दखनी बोलतो, कवठ्याला गेलो की 'लय' आणि 'न्हाई' आपोआप तोंडात येतं, संस्थेत मी मिस्टर शिकलगार. माझं मूळ घर कुठलं म्हणून कुणी चुंबकात घालून बघितलं असतं, तर माझे ठिपके कुठं पडले असते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं, की उतरवण्याआधीचा शेवटचा आठवडा मी कुणाला दिलेला नाही, आणि हेलियम तेवढं पुरेल असं मला वाटतं. "वाटतं म्हणजे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "वाटतं म्हणजे वाटतं."

थंड शेकर मागायला तिनं चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं. तेव्हा तिला आठवला तिचा चुलतभाऊ. तो महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिथं सगळं निर्जंतुक करायची सोय, स्वच्छ हवेची टेबलं, दारांना कुलपं. माने सरांनी मनाविरुद्ध का होईना, परवानगीची सगळी कागदं करून दिली. मनाविरुद्ध असलं तरी सही नीट करणारा माणूस, हे मी त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. सांगलीचा तोच जुना शेकर गाडीत घालून घाट चढला. जुलैत महाबळेश्वरात बाहेर पावसाच्या धारा आणि खोलीत असा गारठा, की माणसं स्वेटर घालून काम करतात. आता पेटीला थंड करायची गरजच नव्हती, वरून थोडं गरम करून ती पंचवीसच्या खूप खालचा, मागितला तो आकडा बरोबर धरायची. या खेपेला हिनं आत पाऱ्याचा थर्मामीटर उभा केला. भाऊ म्हणाला, "ताई, तुझी ही जनावरं आमच्या रोपांत सोडू नको म्हंजे झालं." ती म्हणाली, "तुझ्या रोपांपेक्षा ती शिस्तीत राहतात."

गारठ्यात जंतू वाढायला लय वेळ लावतात, आणि वाढतातही थोडे. लाइट जात होती, इन्व्हर्टरवर पेटी हलत होती. शेवटी जी कातडी हाताला लागली ती जेमतेम एक रोटर भरेल एवढी. सांडली तर संपलं. घाटात दरड आली म्हणून गाड्या थांबलेल्या, तर ही थर्मास मांडीवर घेऊन टॅक्सीत बसून राहिली. साताऱ्याला आली तेव्हा डोळे लाल, आणि माझ्यावरच डाफरली, "चाचा, हात धुतलेत का?"

रोटर मी भरला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती आणि दर थोड्या वेळानं "हळू" म्हणत होती. मी म्हणालो, "अगं, सुऱ्यांना धार लावणाऱ्याचा पोरगा आहे मी, हात कापत नाही माझा."

पहिल्यांदा सोडला तर शिट्टी चढेना. घोगरी व्हायची, अडकायची. नळी एका बाजूला जड भरली होती. तसाच रेटला असता तर फुटला असता, आणि आतलं सगळं मशीनमध्ये उडालं असतं. मी वारा बंद केला, बाहेर काढला, सारखा केला. दुसऱ्यांदा सोडला. शिट्टी चढत चढत गेली आणि एका सुरात लागली. वैशाली खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली.

मग वाट बघणं. ठिपके एकदम येत नाहीत, आधी सगळीकडं खसखस सांडल्यासारखं दिसतं. हळूहळू त्यातून खरं वर येतं, बाकीचं विरतं. तिनं जानेवारी आणि एप्रिलच्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ आधीच स्क्रीनवर आखून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर डाग दोन दिसत होते. एक रेघेवर, जानेवारीच्या पलीकडं, तिला पाहिजे तिथं. दुसरा रेघेच्या साफ खाली. दोन्ही सारखेच पुसट.

"कुठला?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"इतकी वर्षं बघताय ना ठिपके?"

"इतकी वर्षं बघतोय म्हणूनच सांगतो, माहीत नाही."

ती रडायच्या बेतात होती आणि मी चिडायच्या. हेलियमचा काटा माझ्या अंदाजापेक्षा लवकर उतरत होता. इंजिनिअर येऊन गेस्टहाउसला बसलेला, दर तासाला फोन करून विचारायचा, "झालं का?" मी म्हणायचो, "होतंय." तिनं जेवणं सोडलं. नसीमनं डब्यातून खिचडी पाठवली, ती मीच खाल्ली, दोघांचीही.

चौथ्या दिवशी सकाळी खालचा डाग विरला. होता होता नाहीसा झाला, कधी नव्हताच जणू. वरचा दाट झाला. रेघेवर. इतका नेमका रेघेवर, की रेघेनं त्याचे दोन तुकडे केलेले. एप्रिल, जानेवारी, महाबळेश्वर. तिन्ही ओळीत.

वैशालीनं तरी प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनला लावून पुन्हा बघितलं. मग पट्टी खाली ठेवली आणि हमसून हमसून रडली. मला आनंद झाला होता, खूप झाला होता, पण आता इंजिनिअरला हो म्हणायचं होतं. दुपारी त्यानं आपली पेटी जोडली. आवाज नाही, धूर नाही. एक आकडा कमी कमी होत शून्यावर आला. मी तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

तोंडी परीक्षा सांगलीला झाली. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क, चष्मा नाकावर, आवाज करडा. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "हे सगळं ठीक. पण त्या पंपाचं खरं रूप कोणतं, ते एका वाक्यात सांगा."

वैशाली म्हणाली, "सर, कधीचं विचारताय?"

माने सरांनी मान खाली घातली.

"म्हणजे?"

"जंतू उन्हाळ्यात वाढला की थंडीत, ते सांगितलंत तर मी रूप सांगते. रानातल्या मातीत तो पहाटे गारठतो आणि दुपारी भाजतो. त्याच्या घरात एक हवा नाही, म्हणून एक रूप नाही."

"म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत नाही."

"एक उत्तर नाही, एवढं माहीत आहे, सर."

आणि मला एकदम ते गुडघेदुखीवाले धनगर आजोबा आठवले. मे महिन्यात काढलेला फोटो! मला हसू फुटलं, तेही मोठ्यानं. सगळ्यांनी मागं वळून बघितलं. मी खोकल्यासारखं केलं. परीक्षकांनी तीन ठिपक्यांचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं, जवळ गेले, खिशातलं पेन काढून तिन्ही ठिपक्यांवर आडवं धरलं. मग पेन खिशात ठेवून म्हणाले, "माझ्या मनात गोंधळ करून ठेवलात तुम्ही. अभिनंदन."

आठवड्यानं ती कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन साताऱ्याला आली. पेढे साताऱ्याचेच, साताऱ्यात आणून मलाच दिले, यावर मी तिची यथेच्छ टिंगल केली. पुढच्या वर्षीचे तास तिला मिळाले होते. ती म्हणाली, "चाचा, एकदा चुंबक बघू."

माझे नोकरीचे शेवटचे दिवस होते, किल्ल्या अजून माझ्याकडं होत्या. दाराशी आलो. तिनं हातातलं घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं, केसांतल्या पिना काढल्या. मी पाकीट ठेवलं, किल्ल्या ठेवल्या. आणि मग आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"आता चालतं की आत नेलं तरी," ती म्हणाली.

"चालतं."

तरी तिनं घड्याळ उचललं नाही. मी मात्र त्या जुडग्यातली स्टोअररूमची जुनी किल्ली काढून घेतली. खुंटीवर सुतळी तशीच होती. पिवळ्या पट्टीवर उभा राहिलो, पाहुण्यांसमोर राहायचो तसा, हात पुढं धरून. किल्ली सरळ खाली लोंबली. जगात सगळीकडं किल्ली अशीच लोंबते, तिनं असंच लोंबायचं असतं, हे मला कळतंय. पण उभ्या नोकरीत मी तिला त्या जागेवर तिरकीच पाहिली होती. त्या दिवशी ती सरळ दिसली, आणि मला ती चुकीची वाटली.